पळसदेवचा पासवर्ड

सर्व्हर येण्याआधी आमच्या डेअरीची माहिती दुधाच्या टँकरमधून प्रवास करायची. इंदापूर, कळंब आणि पळसदेव या तीन संकलन केंद्रांवर एकेक संगणक होता. कुणी किती दूध घातलं, त्याला किती फॅट लागली (दुधाचा भाव फॅटवरच ठरतो), हे तिथे भरायचं, फ्लॉपीवर उतरवायचं आणि फ्लॉपी टँकरच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायची. ड्रायव्हर ती बारामतीला माझ्या टेबलावर आणून देणार, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात ती यायची तेव्हा कधी तंबाखूच्या पुडीला चिकटलेली असायची, कधी गेटपासला टाचणीनं टोचलेली. एका ड्रायव्हरनं तर ती मोठ्या काळजीनं केबिनमधल्या टेपच्या स्पीकरवर ठेवायला सुरुवात केली, कारण अख्ख्या केबिनमध्ये तेवढीच जागा स्वच्छ होती. स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं आणि फ्लॉपीला त्याचं वावडं असतं. पळसदेवच्या म्हशींचं दहा दिवसांचं दूध भिगवण येईपर्यंत कोरं होऊन जायचं.

मी तेव्हा बारामतीच्या मुख्य कार्यालयात संगणक विभागाची प्रमुख होते. विभागात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, त्यामुळे शिस्त उत्तम होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं, जो तो इंटरनेटच्या गोष्टी करत होता, आणि मी दर दहा दिवसांनी, शेतकऱ्यांना दुधाचा पगार वाटायच्या आदल्या दिवशी, ड्रायव्हरांचे खिसे तपासत होते. शेवटी मी चेअरमनकडे गेले आणि म्हटलं, केंद्रांनी फोनच्या तारेवरून थेट फाईल पाठवावी, त्यासाठी आपण इथे एक सर्व्हर बसवू.

चेअरमनना सगळे आबा म्हणत. आबांनी एकच प्रश्न विचारला. "खर्च?"

"फोनचं बिल. सर्व्हरसाठी अकाउंट्समधला जुना संगणक आहे. त्यात घालायची प्रणाली एका मासिकाबरोबर सीडीवर फुकट आलीय."

"मासिकाबरोबर फुकट तर दिनदर्शिका येती."

"ही दिनदर्शिकेपेक्षा जास्त टिकते."

"मग बसवा."

आमच्या डेअरीतला हा तंत्रज्ञानावरचा सर्वांत दीर्घ विचारविनिमय होता.

सर्व्हर म्हणजे तीन खणांचं एक लोखंडी कपाट समजा. केंद्रानं फोन लावायचा, आपलं नाव आणि पासवर्ड द्यायचा, आपल्या खणात फाईल ठेवायची आणि फोन बंद करायचा. दुसऱ्याचा खण उघडता येणार नाही. हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा. परगावच्या माणसाला वाटेल, दुधाच्या आकड्यांत लपवण्यासारखं काय असतं? त्यानं इंदापूर तालुक्यात कुणालाही विचारून बघावं, की तुमच्या म्हशीला फॅट किती लागते. माणूस लग्नातला मानापमान सांगेल, शेजाऱ्याच्या बोअरला पाणी किती ते सांगेल, पोटाचं ऑपरेशन शर्ट वर करून दाखवेल. स्वतःच्या फॅटचा आकडा सांगणार नाही. दुसऱ्याचा मात्र त्याला हवा असतो, आणि संचालक असेल तर तो आपला हक्क आहे असंही त्याला वाटतं.

त्याच सुमारास कार्यालयात इंटरनेट घेतलं होतं. आबांच्या चिरंजीवांना परदेशातले दूध पावडरचे भाव बघायचे होते. ते भाव बघत, आणि क्रिकेटचा स्कोअर जास्त बारकाईनं बघत. तेव्हा बाहेरचं जग आणि आमचं कपाट यांच्यामध्ये मी फायरवॉल घातली. कोण कुठल्या वाटेनं आला तर त्याला कुठपर्यंत सोडायचं, याचे नियम त्यात लिहिले. कळंबच्या वाटेनं आलेल्याला कळंबचा खण, पळसदेवच्या वाटेनं आलेल्याला पळसदेवचा, आणि बाकी कुणालाच काही नाही. हे मी संचालक मंडळाला समजावून सांगितलं. मंडळानं ते लक्षपूर्वक ऐकलं आणि ताबडतोब कुणाकुणाला सोडायचं यावर चर्चा सुरू केली.

"संचालकास्नी अडवणार न्हाय ना ती?"

"अडवणार."

"अवो मॅडम, पण आमी संचालक!"

"तिला ते कळत नाही."

"मग कळवा की तिला."

एकांना मेव्हण्याच्या एसटीडी बूथवरून 'सहज नजर टाकायची' सोय हवी होती. इंदापूरकडचे एक संचालक होते, त्यांना आपल्या पुतण्यासाठी तिन्ही खण उघडे हवे होते, 'देखरेख' म्हणून. हा पुतण्या इंदापूरच्या केंद्रावर संगणक चालवायचा, म्हणजे संगणक चालू असताना त्याच्यासमोर बसायचा. मी सगळ्यांना नाही म्हटलं. भिंत बांधायला मंजुरी एका मिनिटात मिळते; तिला दार ठेवायचं नाही म्हटलं की बाई उद्धट ठरते. ठरले.

मग पासवर्ड. तिन्ही केंद्रांवर बसणाऱ्यांना मी बारामतीला बोलावून घेतलं आणि सांगितलं, की प्रत्येकानं एक शब्द ठरवायचा. इंग्रजी अक्षरांत, आठ अक्षरांच्या आत, आणि तो कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचा नाही. हाच शब्द केंद्रावरचा संगणक सुरू करतानाही द्यायचा, म्हणजे दूध घालायला आलेला कुणीही यंत्राशी खेळत बसणार नाही. बंदोबस्त चोख होता. पहिल्याच आठवड्यात कळंबच्या माणसानं, किटल्या घेऊन उभ्या असलेल्या गर्दीच्या देखत, फोनवर ओरडून विचारलं, "मॅडम, माझा पासवर्ड कळंबच हाय न्हवं?" इंदापूरच्या पुतण्यानं आपला शब्द दूधदराच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवला, विसरायला नको म्हणून. गुप्तता पाळायची ठरली की आमच्याकडे ती सगळे मिळून पाळतात.

राहिलं पळसदेव. तिथलं केंद्र तात्यांच्या घरातच होतं. तात्या म्हणजे केंद्राचे सचिव; पांढरी टोपी, मोठा आवाज, आणि ट्रॅक्टरबद्दल बोलण्याची कायमची तयारी. पडवीत दूध मापलं जायचं, आतल्या खोलीत संगणक, आणि संगणकावर त्यांची सून. तिचं माहेर कळंबचं. नवरा ट्रकवर, महिन्यातले बरेच दिवस परमुलखात. डोक्यावरचा पदर जराही ढळू न देता ती माझ्याशी कडाकडा भांडायची: रकान्यांचा क्रम चुकीचा आहे, सकाळच्या दुधाला आणि संध्याकाळच्या दुधाला वेगळा रंग द्या, आमच्या खोलीतला पंखा बंद पडलाय, संगणक तापतो त्याचं काय. पासवर्डचं सांगितलं तेव्हा बाकीच्या दोघांनी नुसत्या माना हलवल्या. हिनं विचारलं, "कुणालाच न्हाय म्हंजे मालकास्नीबी न्हाय?"

"नवऱ्यालाही नाही."

"आन् घरात मोठ्या माणसांनी इचारलं तर?"

"घरातल्यांना तर मुळीच नाही."

"मंग हाय माझ्याकडं एक," ती म्हणाली आणि पदराआड हसली. मी त्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही. मला तिच्याबद्दल ममत्व वगैरे नव्हतं. तिच्या फाईलमध्ये चुका शोधत बसावं लागत नसे, आणि एवढ्यावर मी माणसाला जन्मभर चांगलं म्हणायला तयार असते.

इंदापूरच्या संचालकांना मात्र ती खुपत होती. त्यांनी ठराव आणला: पळसदेवला संगणकाची गरजच काय? तिथल्या पावत्या रोज इंदापूरला आणाव्यात, पुतण्या भरेल. "तितं बाईमाणूस बसतंय. आज हाय, उद्या न्हाय. माहेरी गेली की केंद्र बंद," असं त्यांचं म्हणणं. ठराव मंजूर झाला असता तर संगणक उचलून नेला असता, तिचं काम गेलं असतं, आणि पळसदेवच्या प्रत्येक म्हशीची फॅट पुतण्याच्या फळ्यावर आली असती. आबांना कुणालाच दुखवायचं नसे. त्यांनी निकाल पुढे ढकलला: येत्या पगाराच्या शनिवारी, बैठक संपायच्या आत, तिन्ही फायली नव्या व्यवस्थेनं आल्या पाहिजेत. ज्याची येणार नाही त्याचा संगणक उचलायचा.

शनिवारी सकाळी कळंबची फाईल आली. मग इंदापूरची आली. तीत साडेसहामधलं टिंब गळून एका म्हशीला पासष्ट फॅट लागली होती, म्हणजे ती दुधाचा टप्पा ओलांडून थेट तूप देत होती. पळसदेवचा खण रिकामा.

मी पळसदेवला फोन लावला. तात्यांनी उचलला.

"सून कुठे आहे?"

"कळंबला, माहेरी. भावाचं लगीन झालं, काल यायची हुती. पर आज जागरण हाय, त्ये झाल्याबिगर सोडनात तिला."

"आणि फाईल?"

"परवा सांजंला दहा दिसांचा हिशेब पुरा करून फाईल तयार ठिवलीया. मला समदं शिकवून गेलीया. संगणक चालू करायचा, पी दाबायचं, एन्टर मारायचा आन् गप बसायचं. पर ह्यो पी दाबायच्या आधीच पासवर्ड मागतोय की!"

"मग द्या."

"मला कुठं दिलाय?"

"तिला विचारा ना तात्या. कळंबच्या केंद्रावर बोलावून घ्या."

"घेतलं की! मगाशी फोन केला, पोरीला घरनं बोलावून आणलं. म्हटलं, काय हाय त्यो सबुद, सांग. गप्प. परत इचारलं, गप्प. तिसऱ्यांदा इचारलं तर फोनच ठिवला. सासऱ्याचा फोन!"  मग त्यांचा आवाज खाली आला. तो खाली येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. "मॅडम, पोरीनं काय घोळ तर न्हाय ना घातला?"

फोनमधलं बोलणं खोलीभर ऐकू यायचं, आणि इंदापूरचे संचालक माझ्या खोलीत बसलेले होते. बैठकीच्या खोलीपेक्षा माझ्याकडचा पंखा जोरात फिरतो, हे त्यांना त्याच दिवशी जाणवलं होतं. ते उठले. "लपवण्यासारखं असल्याबिगर कुणी सासऱ्याचा फोन ठेवत न्हाय," ते म्हणाले आणि ही बातमी शिळी व्हायच्या आत बैठकीत पोचवायला निघाले. दोन खोल्यांमधलं अंतर फार नव्हतं, पण तेवढ्यात 'शब्द सांगत नाही'चं 'फॅटच्या आकड्यांत घोळ आहे' झालं. म्हणजे आता तिचं नुसतं काम जाणार नव्हतं; चोरीचा शिक्का घेऊन जाणार होतं, तोही घरच्या केंद्रावर.

सर्व्हरवरचा तिचा पासवर्ड मी चुटकीसरशी बदलू शकत होते. पण पळसदेवचा संगणक सुरू होतानाच जो शब्द मागत होता, त्याला बारामतीहून माझा इलाज नव्हता. यंत्र उघडून आतली बॅटरी काढावी लागते, आणि तात्यांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर द्यायची माझी हिंमत नव्हती. ते ट्रॅक्टरच्या सवयीनं कामाला लागले असते. मी स्वतः एसटीनं निघाले असते तर मी पोचेपर्यंत बैठकीची भजी संपून ठराव टाईप झाला असता.

कळंबला फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "हितंच हाय ती, रडतीया," आणि मग, फोन तोंडासमोरून न हलवता, "अगं ये, बारामतीच्या मॅडम हायत्या!" माझा कान बराच वेळ वाजत राहिला.

ती आली. रडत नव्हती, चिडलेली होती. "मॅडम, फाईल बरोबर हाय. मी समदं भरून आलीया."

"ते मला माहीत आहे. शब्द सांग."

"न्हाय सांगता येत."

"कुणाला सांगू नको म्हटलं होतं, त्यात मी येत नाही."

"तसं न्हाय वो."

"मग कसं? इथे तुझ्यावर ठराव चाललाय. संगणक इंदापूरला नेतायत. वर तू आकडे फिरवलेस म्हणतायत."

"कोन म्हनतंय?"

"ते नंतर. शब्द सांग."

मागे कुणीतरी हलगी तापवत होतं, मधेच एक ठोका पडत होता. ती आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "त्ये तोंडानं घेता येत न्हाय, मॅडम."

"शिवी आहे का?"

"अगं बया! शिवी कशाला आसंल?"

"मग?"

"मामंजींचं हाय त्ये."

"मामंजींचं काय?"

"नाव."

मी खुर्चीत मागे टेकले. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. समोर नाही, माघारी नाही, रेशनकार्डाच्या रांगेतही नाही. कारकुनानं फारच धरलं तर शेजारच्या बाईला सांगायला लावते. म्हणजे सकाळपासून काय चाललं होतं, तर तात्या आपल्या सुनेला फोनवरून पुन्हा पुन्हा दरडावत होते, की माझं नाव घे. आणि बिचारीनं सभ्य घरातली सून जे करील तेच केलं होतं. कुणालाही सांगणार नाही असा शब्द निवडा, ही अट माझीच. तालुक्यात ती एवढ्या काटेकोरपणे पाळणारी ही एकच निघाली, आणि नेमकी तिच्यावरच चौकशी लागली.

"टाईप करायला चालतं का?" मी विचारलं.

"त्याला काय हुतंय? तोंड कुठं उघडतंय?"

"मग मला एकेक अक्षर सांग."

"अक्षरं जोडली की त्येच हुतंय की, मॅडम. आन् ह्यो हितं कान लावून उभाय."

"मी न्हाय ऐकत!" मागून आवाज आला.

तात्यांचं नाव माझ्याकडे होतं, सचिवांच्या यादीत. पण ते मराठीत. इंग्रजी आठ अक्षरांत बसवायला तिनं त्यातलं काय कापलं, कुठे 'ए' घातला आणि कुठे गाळला, याच्या तऱ्हा मी मांडून बघितल्या आणि कागद चुरगळून टाकला. तीन वेळा चुकलं की तो संगणक गप्प व्हायचा, बंद करून पुन्हा चालू करावा लागायचा. तात्यांना ते करायला लावलं असतं तर दिवाळी आली असती.

"मग टाईपच कर," मी म्हटलं. "तिथल्या संगणकावर एका फाईलमध्ये तेवढा एक शब्द लिही आणि सर्व्हरवर पाठव. कळंबच्या खणात नाही, तुझ्या खणात. तो फक्त तुला आणि मलाच उघडतो. तोपर्यंत त्या गृहस्थांना पडवीत उभं कर."

"चला, भाईर व्हा," ती लगेच त्याला म्हणाली.

"केंद्र माझं हाय!"

"पाच मिनिटं न्हाय तुमचं. भाईर."

आता अडचण एकच होती, आणि ती मीच बांधलेली. कळंबच्या वाटेनं आलेल्याला पळसदेवचा खण उघडायचा नाही, असा फायरवॉलचा नियम होता. तो तात्पुरता काढायला मी बसले, तोच इंदापूरचे संचालक पंख्यासाठी परत आले.

"काय करताय मॅडम?"

"दार उघडतेय."

"कुणाला?"

"पळसदेवला. कळंबकडून."

"आमाला तर म्हणाला हुता, दार न्हायच म्हणून!"

"तुम्हाला अजूनही नाहीच."

"ह्यो वशिला झाला."

"झाला. तुमचा पुतण्याही त्याच्या सासऱ्याचं नाव घ्यायला लाजत असेल तर पाठवा, बघू." त्यांना यातलं काही कळलं नाही, आणि कळू नये अशीच माझी इच्छा होती. ते पुन्हा बैठकीकडे गेले. त्या दिवशी त्या माणसाचं जेवढं चालणं झालं तेवढं वर्षात झालं नसेल.

मोडेम किंचाळला, खरखरला, आणि गप्प झाला. पळसदेवच्या खणात एक फाईल पडली. आत एक शब्द, आणि त्याखाली इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ: वाचून पुसा. कित्येक आठवड्यांच्या खटपटीनं उभ्या केलेल्या आमच्या खासगी, बंदिस्त, भिंतीआडच्या सर्व्हरवरून गेलेली खऱ्या अर्थानं गुप्त अशी ही पहिली फाईल, आणि तीत होतं पडवीत उघड्या अंगानं बसणाऱ्या एका माणसाचं नाव, जे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मी वाचलं, पुसलं, दार पुन्हा लावलं आणि पळसदेवला फोन केला.

"तात्या, मी एकेक अक्षर सांगते. तेवढं दाबा. मध्ये बोलू नका."

"सांगा."

पहिलं अक्षर सांगितलं. बरीच शोधाशोध झाली. "कुठं बसवलंय ह्ये... हितं हाय! दाबलं. पर चांदणी उठली की वो नुसती."

"चांदणीच उठते. पुढचं."

दुसरं. तिसरं. तात्यांना इंग्रजी वाचता येत नसे, पण सही इंग्रजीत करायचे. ती त्यांनी ट्रॅक्टरचं कर्ज काढताना मुद्दाम शिकून घेतली होती. चौथं अक्षर दाबलं आणि ते थांबले.

"मॅडम."

"मध्ये बोलायचं नाही म्हटलं ना."

"ह्ये तर माजं नाव हुतंय."

"होतंय."

तारेवर नुसती खरखर. उजनीच्या पाण्याकडेनं येणारी ती लाईन, तिच्यावर तशीही कायम खरखर असायची, पण ही जरा लांबली.

"आन् मी तिला दरडावून इचारत हुतो."

"हो."

"फोनवर. कळंबच्या मानसादेखत."

"हो, तात्या. पुढचं अक्षर सांगू का?"

"सांगा." मी सांगितलं. शेवटचं अक्षर दाबून ते पुन्हा थांबले. त्यांच्या आवाजाची मूळ पट्टी परत आली होती. "पर पोरीनं चुकवलंय बघा. ट्रॅक्टरच्या आरसी बुकात डबल ए हाय, हिनं एकच घातलाय."

"तात्या, आरसी बुक नंतर. एन्टर मारा."

संगणक सुरू झाला. तात्यांनी फोन ठेवला, पी दाबलं, आणि मोडेम पुन्हा किंचाळला. पळसदेवची फाईल आली. मी ती छापली आणि बैठकीत नेऊन आबांसमोर ठेवली.

इंदापूरचे संचालक म्हणाले, "आली ती ठीक. पण आकडं तपासल्याबिगर मी गप बसणार न्हाय." मला तेच हवं होतं. पळसदेवची दुधाची आणि फॅटची बेरीज टँकर आल्यावर इथे मोजलेल्या आकड्यांशी ताडून बघितली, जुळली. मग मी म्हटलं, बाकीच्यांचीही ताडून घेऊ, न्याय सगळ्यांना सारखा. कळंबची थोडी इकडेतिकडे होती, ते चालायचंच. मग इंदापूरची.

आबांनी चष्मा लावला. "ह्ये पासष्ट काय हाय?"

"फॅट."

"एका म्हशीला?"

"कागदावर तसंच आहे."

"ती म्हस आमाला दाखवा की राव," आबा संचालकांना म्हणाले. "पुतण्याला म्हणावं, घेऊन ये हितं, हार घालू."

सगळे हसले. संचालक पाण्याचा पेला शोधू लागले. मग कुणीतरी विचारलं, की एवढं होतं तर ती शब्द का सांगत नव्हती. आता लपवून उपयोग नव्हता, तो शब्द तसाही बदलावा लागणार होता. मी सांगितलं.

"मग उखाण्यात घ्यायचं की!" एकजण म्हणाले.

"उखाणा नवऱ्याचा असतो," मी म्हटलं. "सासऱ्याचा ऐकलाय कधी?"

यावर मंडळात गंभीर चर्चा झाली. आमच्या चुलतीनं एकदा घेतला होता इथपासून ते तुमच्या चुलतीची गोष्टच वेगळी इथपर्यंत. आबांनी टेबलावर थाप मारली.

"जिनं खुद्द सासऱ्याला सांगितला न्हाय, ती दुसऱ्या कुणाला काय सांगती? पळसदेवचा संगणक हाय तितं ऱ्हाऊ द्या. आन् ती पोरगीबी." आणि ठराव मागे घेतल्याची नोंद झाली. आबांच्या मेव्हण्याचं दूध पळसदेवच्या केंद्रावर जायचं आणि त्याची फॅट इंदापूरकरांना कळू नये असं आबांना फार दिवसांपासून वाटत होतं, एवढं मी इथे फक्त नमूद करते.

सोमवारी सून पळसदेवला परत आली. तिचा फोन आला तो आभार मानायला नव्हता. "मॅडम, मामंजींनी समद्या गावाला सांगितलंय. दूध घालाय येणारा हरेक जण इचारतोय, तात्यांच्या नावानं संगणक चालतोय व्हय? आजच बदलते मी." बदल, म्हटलं. मग तिनं पंख्याचं विचारलं. तो मी पुढच्या टँकरबरोबर पाठवून दिला.

पुढच्याच आठवड्यात तात्या बारामतीला आले, ट्रॅक्टरचा काही भाग घ्यायला, आणि माझ्या टेबलासमोर येऊन बसले. चहा सांगितला तो घेतला. बशी खाली ठेवली.

"नाव काढलं म्हणं माजं."

"काढावंच लागलं, तात्या. तुम्ही गावभर सांगितलंत."

"सांगणारच की. आमच्या घरात माजं नाव घेणारं कोण उरलंय? आई हुती, ती गेली. सून रोज दोन टायमाला टायपत हुती, ठावं नव्हतं तवर नव्हतं. कळलं आन् लगीच काढलं." ते खरोखरच नाराज होते.  नाराज माणसाला मी सहसा पुरेसा वेळ देते, म्हणजे तो आपोआप निघून जातो.

तात्या गेले नाहीत. "आता कुणाचं टाकलंय?"

"मला माहीत नाही."

"तुमी मॅडम असून?"

"मी मॅडम असून."

"तिला इचारलं," ते म्हणाले, "तर पदराआड हसती. म्हणती, मामंजी, सांगून उपेग न्हाय, आता तुमालाबी तोंडानं घेता यायचं न्हाय आसलं टाकलंय."

त्यांच्या घरात तात्यांना नाव घेता येत नाही असं माणूस एकच. उभ्या संसारात त्यांनी तिला 'अगं', 'ऐकलं का' आणि 'पोरांची आई' यांपलीकडे काही म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणतील अशी शक्यता नव्हती. मला ते लगेच कळलं. त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि कानामागे उगाचच खाजवलं.

"तिला कळलंय का?" मी विचारलं. "तुमच्या घरातून?"

"छ्या. तिला कशाला सांगायचं?" तात्या उठले, टोपी सारखी केली. "ऱ्हाऊ द्या मंग तसंच," म्हणाले, आणि दुकान बंद व्हायच्या आत ट्रॅक्टरचा भाग घ्यायला निघून गेले.